खाते आहे, पत नाही

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानातील एखादा अभियंता कंपनीच्या कामानिमित्त परदेशी जाण्यास निघाला की बँका त्याच्यासाठी आपली दारे अगोदरच उघडून ठेवतात. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे, नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते अनिवासी सामान्य खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशात मिळवलेला पैसा ठेवण्यासाठी त्याला अनिवासी बाह्य, म्हणजे एन.आर.ई., खाते काढता येते. १९७० पासून चालत आलेल्या या खात्यावरील व्याजाला भारतात प्राप्तिकर लागत नाही, आणि त्यातील रक्कम व्याजासह केव्हाही परदेशी नेता येते. त्याच उद्यानाच्या इमारती ज्याने विटेवर वीट ठेवून उभ्या केल्या, तो बुंदेलखंडातून, बिहारमधून किंवा मराठवाड्यातून आलेला मजूर मात्र मारुंजीच्या किंवा माणच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. आणि बँकेच्या खिडकीवर त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : इथला पत्ता काय?

दोघेही पोटासाठी घर सोडून निघालेले. एकाचे घरापासून दूर असणे ही त्याची पात्रता ठरते, दुसऱ्याचे दूर असणे हा त्याचा दोष ठरतो. मुळशी तालुक्यात हा विरोध इतक्या जवळून दिसतो की एका बाजूचा निवाडा दुसऱ्या बाजूकडे पाहिल्यावाचून करता येऊ नये.

परदेशस्थाला मिळणाऱ्या सवलतींविषयी मत्सर बाळगण्याचे कारण नाही. त्याच्या पैशावाचून या देशाचे चालत नाही, हे शासनाला पुरते ठाऊक आहे. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ साली आलेल्या अशा रकमेपैकी सुमारे २०.५ टक्के एकट्या महाराष्ट्रात आली. केरळचा क्रम त्यानंतरचा होता. पोखरणच्या स्फोटांनंतर निर्बंध आले, तेव्हा १९९८ साली स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया रोख्यांतून ४ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम याच अनिवासी भारतीयांकडून उभी केली, आणि २००० साली मिलेनियम ठेवींतून सुमारे साडेपाच अब्ज डॉलर गोळा केले. राष्ट्राची पत अडचणीत आली की ज्यांच्या दारी जावे लागते, त्यांच्यासाठी वेगळी खिडकी असणारच.

परंतु या सन्मानित प्रवाशाचे पुढे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. विमानातून उतरल्यावर त्याची सारी पत गळून पडते. पुण्यात ज्याच्यामागे क्रेडिट कार्ड घ्या म्हणून दिवसातून चार दूरध्वनी येत, त्याला अमेरिकेत कोणी साधे कार्डही देत नाही. तेथील पतमापन संस्थांच्या दप्तरात त्याचे नाव नसते. भारतात त्याने घराचे हप्ते एक दिवसही न चुकवता फेडले असतील. त्याचा तेथे उपयोग नाही, कारण इकडचे गुण तिकडे मोजले जात नाहीत. बहुतेक बँका सामाजिक सुरक्षा क्रमांक मागतात, आणि तो हाती येण्यास काही आठवडे लागतात. राहण्याचा पत्ता हवा तर घर भाड्याने घ्यावे लागते, आणि घरमालक पतगुण विचारतो. तेव्हा पहिले कार्ड मिळते ते तारणाचे : आपलेच चारपाचशे डॉलर बँकेकडे ठेव म्हणून ठेवायचे, तेवढ्याच मर्यादेचे कार्ड घ्यायचे, दर महिन्याला थोडी खरेदी करून ती वेळेवर फेडायची, आणि वर्षभर आपण भले गृहस्थ आहोत हे सिद्ध करीत राहायचे. आपलेच पैसे स्वतःला उसने देऊन पत मिळवण्याचा हा प्रकार. वर पुण्याच्या बँकेचा सांकेतिक क्रमांक बंद पडलेल्या भारतीय दूरध्वनीवर येत राहतो तो वेगळाच.

त्याच्याबरोबर गेलेल्या पत्नीची अवस्था तर अधिक बोलकी आहे. हिंजवडीत स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या नावाचे कार्ड बाळगणारी स्त्री पतीच्या व्हिसावर अवलंबून अमेरिकेत गेली की तिला काम करता येत नाही, आणि कामाचा परवाना नसल्याने सामाजिक सुरक्षा क्रमांकही मिळत नाही. २०१५ पासून अशा काही स्त्रियांना परवाना मिळू लागला; पण तो पतीच्या कायम वास्तव्याच्या अर्जाची प्रगती पाहून. तोपर्यंत तिचे आर्थिक अस्तित्व म्हणजे नवऱ्याच्या खात्याला जोडलेले दुसरे कार्ड. शिकलीसवरली, मिळवती बाई एका प्रवासात कुटुंबप्रमुखाच्या शिधापत्रिकेवरचे एक नाव होऊन बसते.

हा अनुभव मध्यमवर्गाला नवा वाटतो. मुळशीतल्या वीटभट्टीवरच्या बाईला तो नवा नाही.

जगात सर्वत्र असेच चालते असे मात्र समजण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये १९८४ च्या बँकिंग कायद्याने खाते असणे हा नागरिकाचा हक्क मानला. एखाद्या बँकेने खाते नाकारले तर नाकारल्याचे पत्र घेऊन माणूस तेथील मध्यवर्ती बँकेकडे जातो, आणि ती बँक एका बँकेचे नाव ठरवून देते. त्या बँकेला मग खाते उघडावेच लागते. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने कायदेशीर वास्तव्य असणाऱ्या प्रत्येकाला प्राथमिक खात्याचा हक्क दिला. ज्याला ठाम पत्ता नाही त्यालाही, आणि आश्रय मागणाऱ्या निर्वासितालाही. जर्मनीत तो २०१६ पासून अमलात आला. उलट ब्रिटनने त्याच २०१४ साली कायदा करून, ज्यांच्यापाशी वास्तव्याचे कागद नाहीत त्यांना चालू खाते देण्यास बँकांना मनाई केली. एकाच वर्षी, एका खाडीच्या दोन तीरांवर, बँकेचे खाते एकीकडे माणसाला समाजात घेण्याचे साधन झाले आणि दुसरीकडे त्याला बाहेर काढण्याचे. बँकेची खिडकी ही केवळ पैशाची खिडकी नव्हे, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

आता मुळशीत परत यावे. लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिसच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थी शिकण्यास येतात. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम मोठा समंजस आहे. पारपत्र, व्हिसा, छायाचित्र आणि प्रवेशाचे पत्र एवढ्यावर खाते उघडावे. येथील पत्ता ३० दिवसांत कळवावा. तोपर्यंत परदेशातून १ हजार डॉलरपर्यंत रक्कम खात्यात घेता यावी. म्हणजे माणूस परका आहे, नुकताच आला आहे, त्याला राहण्याची जागा शोधण्यास वेळ लागणार, हे येथे नियमानेच गृहीत धरले आहे. आधी विश्वास, मग पत्ता.

ज्या स्वदेशी मजुरापाशी कागद नाहीत त्याच्यासाठीही नियम आहे. त्याला ‘लघुखाते’ म्हणतात. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर छायाचित्र देऊन सही किंवा अंगठा केला की ते उघडता येते. परंतु त्यात कोणत्याही वेळी ५० हजारांहून अधिक शिल्लक नको, महिन्याला १० हजारांहून अधिक उचल नको, आणि वर्षभराची एकूण जमा १ लाखाच्या आत. १ लाखाला बाराने भागले तर महिन्याला साडेआठ हजारही होत नाहीत. बारा महिने काम करणारा कोणताही बिगारी या खात्यात मावत नाही. शिवाय बारा महिन्यांत कागदांसाठी अर्ज केल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो दिला तर आणखी बारा महिने मुदत मिळते. येथे आधी संशय आहे, आणि पुढेही संशयच आहे.

अर्थात आज बहुतेक मजुरांपाशी आधार आहे आणि खातेही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली, आणि २०२३ च्या ऑगस्टपर्यंत अशा खात्यांची संख्या ५० कोटींवर गेली. ही लहान गोष्ट नव्हे, आणि विरोधासाठी विरोध म्हणून तिला हिणवणे समाजवाद्यांना शोभणार नाही. प्रश्न पुढचा आहे. ते खाते गावाकडच्या शाखेत आहे. माणूस आठशे मैलांवर आहे. गावी मिळणारा दूरध्वनी क्रमांक बदलला की बँकेचा संदेश येत नाही. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते. ओळखीचे कागद पुन्हा द्या असा निरोप येतो तो ज्या गावी तो राहत नाही तेथे. बांधकामावर मजुरी मुकादमाच्या हातून रोख मिळते. जेथे ती खात्यात जमा होते, तेथे कित्येकदा एटीएम कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक दोन्ही मुकादमाच्या खिशात असतात. कागदोपत्री हा मजूर बँकिंग व्यवस्थेत समाविष्ट झाला आहे.

येथे नवे खाते काढण्यास त्याला वस्तुतः अडचण येऊ नये. आधारवरचा पत्ता गावचा असेल आणि राहणे दुसरीकडे असेल, तर ग्राहकाने सध्याचा पत्ता स्वतः लिहून दिला की पुरते, असे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत स्पष्ट म्हटले आहे. २०१४ सालीच पत्त्याचा एकच पुरावा, कायमचा किंवा सध्याचा, पुरेसा मानला गेला होता, आणि तो ज्यांच्या सोयीसाठी मानला गेला त्यांत स्थलांतरित मजूर होतेच. तरीही शाखेत भाडेकरार मागितला जातो. आणि भाडेकरार कोठून आणावा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५ व्या कलमाने घरभाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे; ती टाळल्यास शिक्षाही सांगितली आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा मजूर ठेवणारा मालक असा करार करून देत नाही, कारण करार केला की भाडेकरू माणूस ठरतो. येथे एक कटू गोष्टही नमूद केली पाहिजे. या चाळींचे मालक बहुधा बाहेरचे धनिक नसतात. औद्योगिक वसाहतीसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या स्थानिक शेतकऱ्यांपैकीच काहींनी मोबदल्याच्या पैशातून खोल्या बांधल्या आहेत. विस्थापिताने परप्रांतीयाला पत्ता नाकारावा, अशी रचना कोणी मुद्दाम आखली नसेल. पण ती सोयीची कोणाला आहे, हे उघड आहे.

खात्याचे असे, तर कर्जाचे काय? ज्याला सुशिक्षित लोक क्रेडिट कार्ड म्हणतात, त्याचे काम मजुराच्या जगात एक जुना शब्द करतो : उचल. मुळशी-मावळातील कातकरी पावसाळा संपता संपता वीटभट्टीच्या मालकाकडून किंवा कोळसा पाडणाऱ्या ठेकेदाराकडून उचल घेतो, आणि हंगामभर ती फेडीत राहतो. बीडचा ऊसतोड कामगार कारखान्याच्या मुकादमाकडून घेतो. या उचलीला कागद लागत नाही, पत्ता लागत नाही, पतगुण लागत नाही. म्हणून ती तत्काळ मिळते. तिच्यात तारण ठेवले जाते ते माणसाचे शरीर. मोजणी मालकाची, वही मालकाची. हंगाम संपला तरी काही ना काही बाकी उरतेच, आणि ती पुढच्या हंगामाला त्याला पुन्हा त्याच भट्टीवर बांधते. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ साली झाला. त्या कायद्याने अशी कर्जे बुडवली. पण त्यांच्या जागी दुसरे कर्ज कोण देणार, हे त्याने सांगितले नाही. आणि उचल घेतली जाते नवराबायकोच्या जोडीवर. ऊसतोडीत तर त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. पैसे मात्र पुरुषाच्या हाती पडतात. बाईच्या नावे ना वही, ना हिशेब.

पुणे जिल्ह्याला हा वहीचा प्रश्न जुना आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्या दंग्यांत त्यांचा रोख होता तो मुख्यतः कर्जरोख्यांवर. पेढ्यांतील खते हिसकावून जाळण्यात आली. वाचता न येणाऱ्या माणसाला त्या कागदात आपले काय लिहिले आहे हे नेमके कळले होते. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. आणि आपला हिशेब लिहिलेले पासबुक सावकाराकडे मागण्याचा हक्क कुणब्याला मिळाला. बरोबर शंभर वर्षांनी, १९७९ साली, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्यातही ठेकेदाराने प्रत्येक मजुराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, त्यात कामाचे ठिकाण, मुदत, मजुरीचा दर आणि कपाती लिहाव्यात, असे फर्मावले होते. शिवाय निम्म्या महिन्याच्या मजुरीइतका विस्थापन भत्ताही होता. हे पासबुक फारच थोड्या मजुरांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे हा कायदा २०२० च्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत विलीन झाला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि तिच्यात ना ते पासबुक राहिले, ना तो भत्ता. जे कधी मिळालेच नाही त्याची आठवणही कायद्यातून पुसली गेली.

मुळशीने तर पत नसलेल्या माणसाचे काय होते ते आणखी एका प्रसंगी पाहिले आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात येथे जो सत्याग्रह झाला, त्यात सेनापती बापटांचे धैर्य आणि मावळ्यांचे हाल सर्वांना परिचित आहेत. कमी बोलले जाते ते असे, की बुडणाऱ्या जमिनींपैकी कितीतरी जमिनी तोवर कर्जापोटी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या किंवा गहाण पडलेल्या होत्या. जो पिढ्यान्‌पिढ्या कसत होता त्याला जमीन हवी होती. ज्याच्या नावे ती लागली होती त्याला मोबदला चालत होता. भूमिसंपादनाचा १८९४ चा कायदा नाव पाहतो, नांगर पाहत नाही. सावकारांनी कंपनीशी तडजोड केली आणि सत्याग्रहाचा कणा आतून मोडला. आंदोलन केवळ बाहेरच्या बळाने हरले नाही. ते वहीतल्या नोंदींनीही हरले.

पत कोणाला मिळते, याचे नवे उदाहरण त्याच तालुक्याच्या डोंगरांत आहे. दासवे-मुगावच्या परिसरात लवासाचे नगर उभे राहू लागले, तेव्हा बँकांना कर्जे देताना फारशी शंका आली नाही. पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवण्याची नोटीस बजावली; ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली; आणि धनकोंचे जे दावे मान्य झाले ते ६ हजार कोटींहून अधिक रकमेचे होते. त्याच डोंगरातील शेतकरी किसान क्रेडिट कार्ड मागण्यास गेला तर त्याच्याकडे सातबारा मागितला जातो. १९९८ पासूनची ही योजना चांगली आहे. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही, हेही खरे. नियमांत कुळांना आणि तोंडी करारावर कसणाऱ्यांनाही कार्ड देता येते. व्यवहारात मात्र उताऱ्यावर नाव नसलेला कातकरी शाखेच्या पायरीवरूनच परततो.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. समाजवाद्यांनी त्या दिवसाची वाट कितीतरी वर्षे पाहिली होती. १९७२ साली विभेदक व्याजदराची योजना आली : आदल्या वर्षीच्या कर्जवाटपाच्या १ टक्का रक्कम अत्यंत गरिबांना ४ टक्के व्याजाने द्यावी. कल्पना थोर होती. परंतु राष्ट्रीयीकरण झाले म्हणजे आपले काम संपले, अशी चळवळीचीही समजूत झाली, हे मान्य केले पाहिजे. मालकी बदलली, खिडकीतून विचारला जाणारा प्रश्न बदलला नाही. क्रेडिट कार्ड, पतगुण, खात्याचे कागद हे सारे मध्यमवर्गीयांचे विषय, संघटनेने त्यात काय लक्ष घालायचे, अशी एक तुच्छता कार्यकर्त्यांत अजूनही आढळते. त्या तुच्छतेने मोकळी सोडलेली जागा आता दूरध्वनीवरून दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी व्यापली आहे. त्यांना पत्ता लागत नाही. कर्जदाराच्या दूरध्वनीतील सर्व नातेवाइकांचे क्रमांक त्यांना पुरतात. हप्ता चुकला की त्या क्रमांकांवर बदनामीचे संदेश जातात. या छळवणुकीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेला अशा कर्जांसाठी नियम करावे लागले.

कर्ज म्हणजे मजुरी नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. किमान वेतन बुडवणाऱ्या ठेकेदाराला मोकळे सोडून मजुराच्या हाती कार्ड देणे, हा नव्या सावकारीचा मार्ग होईल. परंतु आजारपण, बाळंतपण, गावाकडचे मर्तिक यांसाठी पाचदहा हजारांची निकड प्रत्येक घराला पडते, आणि ती भागवण्याचा रास्त मार्ग नसेल तर उचल अटळ आहे. जनधन खात्यावर १० हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट देण्याची तरतूद आहे. त्यातील पहिल्या २ हजारांना तर अटीही नाहीत. सहा महिने खाते नीट चालवले की ही सोय मागता येते. घरापासून दूर असलेल्याचे खाते ‘नीट चालत’ नाही, कारण मजुरी त्यात येतच नाही. म्हणून मजुरी मजुराच्या स्वतःच्या खात्यात आणि जोडीची मजुरी दोघांच्या दोन खात्यांत जमा झाली पाहिजे, ही मागणी पत मिळवण्याचीही पहिली पायरी आहे. बारा महिने नियमित जमा झालेली मजुरी हा पतगुणच आहे. त्यासाठी दुसऱ्या दप्तराची गरज नसावी. फेरीवाल्यांच्या बाबतीत हे शासनाने मान्य केले आहे. २०२० च्या स्वनिधी योजनेत विनातारण लहान कर्ज मिळाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या निर्णयाने दुसरे कर्ज फेडणाऱ्या फेरीवाल्याला रुपे क्रेडिट कार्ड देण्याचे ठरले. रस्त्यावर भाजी विकणाऱ्याला जे देता येते ते त्याच रस्त्यावर डांबर टाकणाऱ्याला का देता येऊ नये, याचे उत्तर बँकांनी द्यावे.

फ्रान्सची पद्धत येथे आणण्यास घटनादुरुस्ती लागत नाही. अग्रणी बँक योजना १९६९ पासून अस्तित्वात आहे, आणि पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक ही बँक ऑफ महाराष्ट्रच आहे. कोणत्याही शाखेने खाते नाकारले तर नकार लेखी द्यावा, तो घेऊन मजुराने अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे जावे, आणि त्याने ठरावीक दिवसांत एका शाखेचे नाव ठरवून द्यावे, एवढा नियम पुरेसा आहे. लवळ्याच्या विद्यार्थ्याला प्रवेशपत्रावर जसे ३० दिवस मिळतात, तसे मजुराला ठेकेदाराच्या हजेरीपत्रकावर मिळावेत.

शासन हे करीपर्यंत वाट पाहत बसण्याचे कारण नाही. हिंजवडी, पिरंगुट आणि भूगावच्या मजूर अड्ड्यांवर सकाळी सहा ते आठ माणसे उभी असतात. रविवारी दुपारी ती शेडमध्ये सापडतात. पौडला तहसील आहे, बँकांच्या शाखा आहेत. पत्ता स्वतः लिहून देण्यासंबंधीचा रिझर्व्ह बँकेचा निर्देश मराठीत आणि हिंदीत छापून प्रत्येक कार्यकर्त्याने खिशात ठेवावा, आणि चारचार मजुरांना घेऊन शाखेत जावे. अधिकारी नाही म्हणाला तर तेच वाक्य कागदावर लिहून मागावे. कोणत्या शाखेने कोणत्या दिवशी काय उत्तर दिले त्याची नोंद ठेवावी, आणि बाईचे खाते तिच्याच नावाने, तिच्याच दूरध्वनी क्रमांकावर उघडले आहे ना, हे बाहेर पडण्यापूर्वी पासबुक उघडून पाहावे.